बाईची सही

माझ्या इंग्रजी शाळेत पुनरुत्पादनाचा धडा टीचरने "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. घरी तो कुणापुढे वाचणार? तीच मी आता एका सर्वेसाठी आमगावकडच्या एका खेड्यात दारोदार जाऊन बायकांना विचारत होते, पाळणा लांबवायला काय वापरता, गर्भपाताला कुठे जाता.

प्रश्नांआधी संमतीपत्रावर सही घ्यायची. 'मी माझ्या मर्जीने भाग घेत आहे.' मी कागद पुढे करून लाजेने अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसायचे. कागद आत जायचा, सही होऊन बाहेर यायचा. पंधरा घरं झाल्यावर आमच्या ऑफिसातल्या ताईंनी गठ्ठा चाळला.

"अगं, चौदा नवरे आणि एक सासरा! बायकांच्या मर्जीवर?"

मी परत गावात. बायका भाताच्या रोवण्यावर, गुडघाभर चिखलात. मी बांधावरून सांगितलं, सही तुमचीच हवी.

"काऊन वो म्याडम, आमच्या बुढ्याची सही खोटी हाय का?" एकीने नवऱ्याची बाजू घेतली.

"खरी आहे. पण गोळ्या तुम्ही खाता ना?"

"त्यालेच चारा मंग. पोट त सातव्या महिन्याचं हायेच त्याचं!"

सगळी रांग हसली. हसली नाही ती एक, जिच्या कागदावर सासऱ्याची सही होती. हात धुऊन ती बांधावर आली, सावकाश सही केली, पण पेन सोडेना.

"दवाखान्यातबी माहीच सही चालते का?"

तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. दोन लेकरं होती, धाकटं अजून अंगावर पीत होतं. गर्भपातासाठी गेली तर दवाखान्याने नवऱ्याची सही आण म्हणून परत पाठवलं होतं आणि नवरा हैदराबादला कामावर.

"दिवाळीले येते तो. तवर हे थांबन का?"

आम्ही फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं. मी म्हटलं, "अठरा पूर्ण असलेल्या बाईची स्वतःची सही पुरते. उद्या मी येते सोबत."

दुसऱ्या दिवशी वाटभर ऑटोत मी नर्सला सांगायची तीन वाक्यं इंग्रजीत रचून मराठीत पाठ केली. दवाखान्याच्या खिडकीतल्या नर्सने मान वर न करता विचारलं, "पति का साइन?" मी अजून पहिलंच वाक्य आठवत होते.

"पोट माहं, सही माही," ती म्हणाली. "कायदाच हाय तसा. या म्याडमनं सांगलं."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. "आप कौन?"

"सर्वे," मी कशीबशी म्हणाले.

नर्स डॉक्टरीणबाईंना विचारायला आत गेली, बाहेर आली आणि फॉर्म पुढे सरकवला. हिने सही केली, आपली पिशवी माझ्याकडे दिली आणि आत गेली. बाकावरच्या बाईने माझ्या पोटाकडे बघत विचारलं, "तुमाले कितवा?" मी पिशवी पोटावर धरली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पहिली गोळी तिथेच घेतली होती, पुढच्यांसाठी परवा यायचं होतं.

"रोवणा बंद ठेवा म्हणे थोडे दिवस," ती म्हणाली. "घरी सांगतो हगवण लागली. मामंजी मंग जवळ येऊन इचारतबी नाई."

आणि ऑटोत बसेपर्यंत हसत होती.