रिकाम्या घरातला अलार्म
कुठल्या दुकानात चोर-अलार्मची ती टोचरी शिट्टी वाजली, की मला दोंडाईच्याचं आमचं घर आठवतं. आई गेल्यावर आम्ही घराला कुलूप लावलं, आत अलार्म आणि दोन्हीकडून बोलता येईल असा कॅमेरा बसवला आणि जळगावला परतलो. थोड्याच दिवसांत, एका रणरणत्या दुपारी माझ्या फोनवर शिट्टी वाजली. स्वयंपाकघरात हालचाल होती. कॅमेऱ्यात ओटा दिसत होता आणि भिंतीवर कुणाची तरी सावली. मी फोनमधून विचारलं, "कोण आहे?" सावली थबकली. मग थकलेला आवाज आला, "अक्का, मी शे." शेजारच्या मावशी, आईची जुनी मैत्रीण; आईला त्या अक्का म्हणायच्या. त्यांच्याकडे एक किल्ली होती, हे आम्ही विसरलोच होतो. माझा आवाज हुबेहूब आईसारखा आहे. मी माझं नाव सांगणार, तोच त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कोठे व्हती तू इतला दिन?" माझ्या तोंडून निघालं, "घरमाच शे." घरातच आहे. मावशी समाधानाने हसल्या. माझ्या अंगावर मात्र काटा आला. मला अहिराणी कळते, पण मी ती त्याआधी कधी बोलले नव्हते आणि आजही मला बोलता येत नाही.