टॅक्सचा नवस

फेब्रुवारीच्या पगाराची चिठ्ठी गोपाळरावांनी चार घड्या घालून पाकिटात ठेवली, आणि तेव्हापासून गडी टेकडीकडे बघेनासा झाला. आता देवास शहरात राहून टेकडीकडे न बघणं म्हणजे कर्मकठीण. कारखान्यातून सुटा, दळण आणायला जा, मान वर केली की ती समोरच, आणि वर देवळांत देवीच्या दोन्ही माता बसलेल्या.

झालं होतं असं. लग्न झालं त्या वर्षी त्यांच्या बायकोने, मालनने, वर जाऊन नवस बोलला होता, की आई, ह्यांच्या पगारातून इन्कम टॅक्स कापला जाईल त्या वर्षी तुझा गोंधळ घालीन. हसू नका. गोपाळरावांचे पूर्वज मराठा सरदारांच्या दरबाराबरोबर इकडे तंबू शिवायला आलेले. त्या घरात टॅक्स भरणारा म्हणजे साहेब, स्कूटरवाला, भाव न विचारता तेल घेणारा माणूस.

चोवीस वर्षं नवस पडून राहिला. त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत तेल नव्वदचं एकशे सत्तर झालं, सिलिंडर अकराशेच्या वर गेला, आणि युनियनने भांडून महागाईपोटी दोनदा पगार वाढवून घेतला. टॅक्समाफीची पाच लाखांची हद्द मात्र जागची हलली नाही, आणि ती ओलांडली की माफी सगळीच जाते, टॅक्स अडीच लाखांपासून मोजतात. सगळी वजावट धरूनही गोपाळरावांचं उत्पन्न त्या हद्दीच्या वर चार हजारांनी गेलं, आणि कापले गेले जवळजवळ चौदा हजार. बाजूच्या मशीनवरचा भूपेंद्र म्हणाला, "बधाई हो भिया, अब तो बडे आदमी हो गए." गोपाळरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मालनला सांगावं तर गोंधळ आला. गोंधळी, संबळ, पन्नास पानं, वीस हजार कुठे गेले नाहीत. आणि तेवढीच तर मुलीची, शिखाची, नर्सिंगची एप्रिलची फी. न सांगावं तर देवीची भीती. दोन आठवडे त्यांना जेवण गोड लागेना, उगाच आत-बाहेर करायचे, शिखावर खेकसायचे. चैत्राचं नवरात्र तोंडावर आलं.

शेवटी पँट धुवायला काढताना पाकीट मालनच्याच हाती लागलं. चिठ्ठी इंग्रजीत, तिने शिखाला वाचायला दिली. शिखा म्हणाली, "मम्मी, पप्पांचा टॅक्स कटलाय."

गोपाळराव दारातच उभे होते. दोन आठवडे गिळलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "अगं, मी कुठला मोठा झालोय? तेल वाढलं म्हणून पगार वाढला, पगार वाढला म्हणून हे कापलं. आपण होतो तिथेच आहोत, उलट खालीच. असल्या टॅक्सला नवस लागू होतो का?"

मालन चिठ्ठीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हती तरी.

"चोवीस वर्षं वाट बघितली मी," ती म्हणाली. "खर्चाच्या भीतीने तुम्ही मला आनंदसुद्धा होऊ दिला नाही."

मग चिठ्ठीची घडी नीट करत ती पुढे म्हणाली,

"शिखाची फी आधी भरा. गोंधळ सावकाश घालू, आई काही व्याज लावत नाही."

चिठ्ठी हातात घेऊन ती बाहेर नळावर गेली. शेजारच्या नेहाला सांगत होती, "आमच्या ह्यांचा टॅक्स कापला बरं का. चौदा हजार." इतक्या तोऱ्यात ती लग्न झाल्यापासून कधी बोलली नव्हती. गोपाळराव आत पलंगावर बसले, आणि त्यांना रडू आलं.