नखं नसलेल्या माणसाचा चाकू

दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडे दोन गोष्टी नव्हत्या. नखं आणि गप्पा. दोन्ही बसने खाल्ल्या. ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी डोक्यावर घेऊन त्याने उभी नोकरी काढली आणि प्रवासी असे आज्ञाधारक निघाले की विचारू नका! पाठीमागे भांडणं व्हायची, लग्नं जुळायची, कुणी हसायचं, कुणी मुसमुसायचं. पुढे हा एकटा, सिग्नल लाल झाला की अंगठ्याचं नख कुरतडत बसलेला. आणि सिग्नलांना त्या शहरात काही तोटा नव्हता.

नखांवाचून त्याचं कधी अडलं नाही, कारण घरात ताई होती. थोरली बहीण. तिच्या नखांपुढे डब्यांची झाकणं, पुडे, सुतळीच्या गाठी, सगळं शरण यायचं. मग एक दिवस भाचा आला, ‘आई, नातीला सांभाळायला चल’ म्हणाला, आणि ताईने ट्रंक भरली. ड्रायव्हर तिला गाडीत बसवून घरी परतला, चहा केला, आणि बिस्किटांचा पुडा काही केल्या उघडेना.

तेव्हापासून तो समोरच्या वहिनींचं दार वाजवू लागला. आज पुडा, उद्या औषधाची बाटली, परवा बुटाच्या नाडीची बसलेली गाठ. वहिनी दारातच उभ्या राहून नखाने टचकन उघडून द्यायच्या आणि वर तोंडाचा पट्टा सोडायच्या. तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरीण, पाण्याची टाकी, नवऱ्याचं घोरणं. ड्रायव्हर ऐकायचा, ‘हो का’ म्हणायचा. घरी येईपर्यंत बिस्किटं खायची इच्छाच उरत नसे, पोट भरल्यासारखं वाटायचं.

एकदा जिन्यात चार बायका उभ्या होत्या आणि हा साबणाची वडी घेऊन हजर.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “आता एक तर लग्न करा, नाहीतर चाकू घ्या. चाकू बरा, तो माहेरी जात नाही!”

बायका खो खो हसल्या. ड्रायव्हरही हसला. पण घरात जाऊन खुर्चीत बसल्यावर ते हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं. आपण लोकांना त्रास देतो, एवढंच त्याला त्यातून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो कात्र्यांना धार लावणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात गेला. त्या दुकानासमोरून त्याने जन्मभर बस नेली होती, उतरला मात्र पहिल्यांदाच.

“घडीचा चाकू दाखवा.”

“काय कापायचंय?”

“कापायचं असं नाही. उघडायचंय. पुडे वगैरे.”

म्हाताऱ्याने आधी एक जाडजूड चाकू ठेवला. त्यात कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, काय काय होतं. “हा घ्या. बायको सोडून सगळं आहे यात.”

“एक पातं पुरे. एकटाच असतो मी.”

मग शिंगाच्या मुठीचा आला. देखणा होता. पात्याच्या पाठीवर नख घालायला बारीक खाच होती, आणि तिथेच घोडं अडलं. ड्रायव्हरचा अंगठा नुसता घसरत राहिला. दुसरा चाकू, तेच. तिसरा, तेच. त्याला घाम फुटला. चाकू उघडून घ्यायलाही वहिनींचंच दार वाजवायचं की काय?

“हात बघू,” म्हाताऱ्याने त्याची बोटं हातात धरून उजेडात वळवली. “अरे बापरे! घरात उंदीर पाळलेत की काय?”

ड्रायव्हरने हात लगेच काढून घेतला नाही. ताई गेल्यापासून कुणी त्याचा हात धरला नव्हता.

म्हाताऱ्याने खालच्या खणातून साध्या लाकडी मुठीचा चाकू काढला. मुठीची एक बाजू खोलगट कापलेली होती, पातं दोन बोटांच्या चिमटीत येत होतं. ड्रायव्हरने ओढलं. टक्. उघडलं!

“याला कुलूप नाही हं, नुसती स्प्रिंग आहे,” म्हातारा म्हणाला. “उलटा जोर दिलात तर बोटावर मिटेल.”

ड्रायव्हरने तेल कोणतं घालायचं ते विचारलं. धार कधी लावायची, पातं काळं पडतं का, खिशात कोणत्या बाजूने ठेवायचा, तेही विचारलं. मग प्रश्न संपले. म्हाताऱ्याने चाकू कागदात गुंडाळला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर घरात काही म्हणता काही बंद राहिलं नाही. सगळे पुडे उघडले, सगळ्या पेन्सिलींना टोकं आली. समोरच्या दारात वहिनी दूधवाल्याशी बोलताना ऐकू यायच्या. ड्रायव्हर आत उभा राहून ‘हो का’ म्हणायचा, मनातल्या मनात.

मग ताईचं पार्सल आलं. लोकरीचे मोजे असणार, दाबल्यावर कळत होतं. सुतळीवर तिच्या त्या गाठी, एकीवर एक, जणू चोर मोजेच न्यायला टपलेत. ड्रायव्हरने पातं सुतळीवर टेकवलं. उचललं. चाकू मिटून खिशात टाकला आणि पार्सल घेऊन समोरचं दार वाजवलं.

“अय्या, भावजी! चाकू घेतलात ना? सगळ्या जिन्याला ठाऊक आहे.”

“घेतलाय.”

“मग?”

इतक्या वर्षांत त्याचा ब्रेक कधी चुकला नव्हता. जीभ मात्र अडखळली. “स्प्रिंग... जरा कडक आहे.”

“आणा इकडे.” वहिनींनी चिमटीत धरून ओढलं. टक्. “अहो, लोण्यासारखा तर चालतोय! घ्या. बोट सांभाळा.” तेवढ्यात आतून दूध करपल्याचा वास आला. “मेलं दूध!” म्हणत त्या पळाल्या. दार लागलं.

बगलेत पार्सल आणि हातात उघडा चाकू घेऊन ड्रायव्हर उभा राहिला. वरून कुणीतरी जिना उतरत होतं. असं नागवं पातं घेऊन लोकांच्या दारात उभं राहणं बरं दिसेना, म्हणून तो घरात आला आणि टेबलाशी बसून त्याने सुतळी कापली. ताईला त्या गाठी मारायला सबंध दुपार लागली असेल. चाकूला काहीच वेळ लागला नाही.