एका गाण्यापायी गेलेला नंबर

शुक्रवार आला की आमच्या साखर कारखान्याच्या तळावर माणसं दोन गोष्टींची वाट बघतात. एक आपल्या नंबराची आणि दुसरी भावकूच्या स्पीकरची.

तळ म्हणजे कारखान्याच्या दारातलं मोकळं रान. उसानं भरलेले ट्रॅक्टर तिथं लायनीत उभे राहतात. पुढं गव्हाण, म्हणजे ऊस जिथं पट्ट्यावर पडतो ती जागा. गव्हाण चालली की लायन सरकते आणि गव्हाण बंद पडली की सगळे तिथंच, दिवस दिवस. बायका-पोरं घरी, ड्रायव्हर तळावर आणि ऊस ट्रॉलीत वाळत पडलेला. आमच्याकडं माणूस एकदा भावाशी भांडण मिटवील, पण लायनीतला नंबर कुणी घेतला तर जन्मभर बोलायचा न्हाई.

नवी गाणी शुक्रवारी निघतात. भावकू ती आदल्या रात्री मोबाइलमध्ये भरून घेतो, पण ऐकत न्हाई. "आधी ऐकून आलं की मग ते माझं मत झालं," असं त्येचं म्हणणं. "सगळ्यांसंगट पयल्यांदा ऐकायचं. शिळं वाढायचं न्हाय."

आणि मत द्यायची तळाची एक रीत आहे. गाणं आवडलं न्हाई की ड्रायव्हर आपलं इंजान चालू करतो. बास. शिवी न्हाई, वाद न्हाई. एकानं केलं की दुसरा करतो, मग दहा इंजानांच्या आवाजात ते गाणं कुठल्या कुठं बुडून जातं आणि भावकू दुसरं लावतो. आवडलं तर कुणी काही बोलत न्हाई. टाळी न्हाई, वावा न्हाई. इंजान बंद राहिलं, हीच शाबासकी. ही रीत पाडली बाबगोंडा अण्णांनी. ते जैन, सदलग्याच्या बाजूचे, घरी कानडी बोलणारे. एका वर्षी कुठलंसं धांगडधिंग्याचं गाणं एकसारखं वाजायला लागलं, तेव्हा वैतागून त्येंनी ट्रॅक्टरला चावी मारली आणि सगळा तळ हसला. तवापासनं चालू आहे.

भावकू मूळचा काकतीच्या बाजूचा. तरणा असताना बेळगावात कॅम्पात मिल्ट्रीच्या मेसला भाजीपाला पोचवायची गाडी चालवायचा. तिथं केरळचा जवान केरळचं गाणं लावायचा, पंजाबचा पंजाबचं, गढवालचा गढवालचं. भावकू भाजीची पोती उतरवत उतरवत सगळं ऐकायचा. "भाषा कळायची न्हाय, पण खोटं कोण गातंय ते कळायचं," असं तो सांगतो. पुढं निपाणीकडची मंगल बायको केली, ट्रॅक्टर घेतला आणि इकडंच राहिला. ट्रॅक्टरला टप नंतर बसवला, स्पीकर आधी. मंगल म्हणते, "बायकूचं ऐकायला ह्यांस्नी कान न्हाईत, आणि गाणं ऐकायला चार हाईत."

त्येची मतं तळावर पाठ आहेत.

एकदा शामूनं, तो तरणा ड्रायव्हर, मुंबईच्या कुणा पोराचं रॅप लावायला लावलं. भावकूनं ते पुरं ऐकलं आणि म्हणाला, "रॅप म्हंजे भांडण. आमच्या गल्लीत नळावर होतंय तसलं. पण भांडायला समोर कुणीतरी लागतंय का न्हाय रं? ह्यो एकटाच भांडालाय."

"अण्णा, तुमास्नी कळत न्हाय. ते समाजाशी भांडालंय."

"मग समाजाला बोलायला येळ दे की! श्वास तरी घे म्हणावं."

पण त्येच पोराचं पुढच्या महिन्यात दुसरं गाणं आलं. त्यात आपल्या बापाच्या चपलांबद्दल चार ओळी होत्या. तेव्हा भावकूनं शामूला बोलवून घेतलं. "हे बरं केलंय. हिकडं समोर बाप हाय. आता भांडण खरं वाटालंय."

पंजाबी गाण्यांवर त्येचा राग न्हाई, पण तक्रार आहे: "परत्येक गाण्यात गाडी हाय. पण पंक्चर एकाच्या बी गाण्यात न्हाय." आणि ती हळू आवाजातली, एक गिटार घेऊन गायलेली नवी गाणी, ज्येंना पोरं इंडी म्हणतात, त्येंच्याबद्दल म्हणायचा, "शेजारच्या खोलीत आई झोपलीया म्हणून दबकून गाल्यागत वाटतंय. गा की जरा उठून!"

तर असा हा माणूस. आणि ह्या माणसाकडं गेल्या हंगामात एका शुक्रवारी पूर्णिमा आली.

पूर्णिमा म्हणजे मालुबाईची पोरगी. मालुबाईचा चहाचा गाडा तळाच्या तोंडालाच आहे. पोरगी त्या गाड्याखाली रांगली, तिथंच अभ्यास करून बी.कॉम. झाली. गायची, ते आम्हाला ठाऊक होतं. पण कप इसळताना गुणगुणणं वेगळं आणि गाणं करणं वेगळं. तिनं स्वतः लिहिलेलं एक गाणं बेळगावात अनगोळला स्वरूपच्या खोलीत भरलं होतं. स्वरूप तिच्या कॉलेजातला मैतर. खोलीच्या भिंतींना गाद्या लावून त्येनं स्टुडिओ केला होता. गाणं तयार होतं, फक्त जगापुढं सोडायचं राहिलं होतं.

मी त्या दिवशी भावकूच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो, कारण त्येच्या दोन्ही ट्रॉल्यांत माझा ऊस होता. गव्हाण सकाळपासनं बंद. पूर्णिमा चहा घेऊन आली, आणि चहा दिल्यावर गेली न्हाई.

"अण्णा, एक गाणं लावशीला काय? कुणाचं हाय ते सांगायचं न्हाय."

"तुझं हाय," भावकू म्हणाला.

"कसं वळखलं?"

"कपाखाली बशी दिलीस. कवा देतीस काय?"

ती हसली न्हाई. म्हणाली, "कॉलेजातल्या सगळ्यांनी बरं म्हटलंय. पुण्याच्या एका पोरीनं बी. पण ते सगळ्यालाच बरं म्हणत्यात, न ऐकता मोबाइलवर लाल बदाम पाठवत्यात. ह्या तळावर कुणी खोटं बोलल्यालं मी बघितलं न्हाय. इंजान चालू झाली, तर मी स्वरूपला सांगून गाणं काढून टाकणार. परत गाणार न्हाय. आई म्हणती तसं हुबळीच्या नोकरीला जाणार."

"आगं पण एवढं..."

"एवढंच, अण्णा."

तिनं पाठवलेलं गाणं भावकूनं आपल्या मोबाइलवर घेतलं. "मी काय तुला सांभाळून घेणार न्हाय हं पूर्णे. इंजान चालू झाली तर मी बी बंद करीन."

"तसंच करा," म्हणाली आणि गाड्याकडं गेली. किटलीच्या मागं उभी राहिली. तिथनं तिला उसाच्या ट्रॉल्यांच्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. गव्हाण न्हाई, गेट न्हाई. फक्त ऐकू येत होतं.

गाणं सुरू झालं. ढोल न्हाई, काही न्हाई. एक तुणतुण्यासारखा आवाज आणि तिचा गळा. शब्द आमच्याच तोंडातले.

*दिवा लावला, जेवान झाकलं,*
*अजून लायनीत काय रं?*
*सांच्याला येतो म्हणून गेलतास,*
*दोन सांजा झाल्या न्हाय रं?*

आणि मधेच कानडी, *बेग बा, बेग बा*, लवकर ये, लवकर ये. आमच्याकडं माणूस रागात कानडी बोलतो आणि मायेतही. कुठल्या भाषेत रडायचं हे आमच्या बायका ठरवून रडत न्हाईत.

बाबगोंडा अण्णा तंबाखू मळत होते. त्येंचा अंगठा थांबला. "छलो ऐती," एवढंच म्हणाले. चांगलं आहे. आख्खा तळ गप्प. आमची भाषा, गेलतास आणि आलतास असली, शहरातली लोकं जिला अडाणी म्हणतात ती, एवढ्या मोठ्या स्पीकरमधनं कुणाची चेष्टा न करता बाहेर पडत होती. अशी ती मी ह्याआधी ऐकली नव्हती.

दुसरं कडवं लागलं आणि लांब पुढं एक इंजान चालू झालं.

मग दुसरं. मग तिसरं. मग धडाधड सगळी लायन. गाणं बुडालं. मी मागं वळून बघितलं तर मालुबाई एकटी होती. गाळणी हातात घेऊन ती रस्त्याकडं बघत होती. पोरगी निघून गेली होती.

आता खरं काय झालं ते सांगतो. गव्हाण चालू झाली होती! सकाळपासनं बंद पडलेली, नेमकी दुसऱ्या कडव्याला. गेटावरच्या माणसानं हात केला आणि लायन सरकली. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण किटलीमागनं ते कसं दिसावं?

आणि आमच्या पुढची जागा मोकळी झाली तरी भावकू हलला न्हाई.

"भावकू! सोड गाडी!" मी त्येचा खांदा धरून हलवला.

त्येनं हात वर केला. "कडवं सरू दे, आप्पा." स्पीकरला कान लावून बसला होता, इंजानांच्या गोंगाटातनं शब्द वेचत.

मागनं हॉर्न. शिव्या. शामू ट्रॅक्टर बाजूनं काढून पुढं घुसला आणि जाता जाता ओरडला, "झोप लागली काय अण्णा? घरी जावा की!" त्येच्या मागनं आणखी एक. मग सगळेच. जागा सोडली की नंबर गेला, ह्यात दया न्हाई, मायाही न्हाई. गाणं संपलं तेव्हा आमच्या पुढं जे होते ते गव्हाणीत, मागं होते ते पुढं, आणि आम्ही शेपटाला. माझा ऊस आणखी एक दिवस वाळणार होता. मी भावकूला जे बोललो ते इथं लिहीत न्हाई.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुमचं खरं हाय, आप्पा." आणि खिशातनं मोबाइल काढून त्येनं मंगलला लावला. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकलं.

"जेवलीस काय?"

पलीकडनं घाबरा आवाज. "काय झालं? ट्रॅक्टर पालथा झाला काय?"

"न्हाय गं. जेवलीस काय म्हणून इचारलं."

"दारू पिलाय काय?"

"न्हाय."

"मग कुणाला तरी फोन द्या, मला खरं सांगाय!"

फोन ठेवून त्येनं मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "इतकी वर्सं तळावर थांबलो. आमी हितं काय करतो ते सगळ्यांस्नी ठाऊक. ती घरात काय करती ते मी कवा इचारलंच न्हाय, बघा. ह्या पोरीनं सांगितलं. आजवर हजार गाणी लावली असतील, पण सगळी दुसऱ्याच्या घरातली. हे माझ्या घरातलं लागलं. उपकार म्हणायचे पोरीचे. कुठाय ती?"

मी सांगितलं तेव्हा त्येला कळलं की ती गेली, आणि का गेली ते. माणूस उतरून पळतच गाड्यापाशी गेला, मागनं मी. मालुबाईनं तोवर फोन लावलेला होता.

"कुठं पोचलीस? ... आगं, गव्हाण चालू झालीया! गाण्याला कोण इंजान चालू करतंय? ... तुझी समजूत काढाय मला येळ हाय काय, हिकडं चहा उतू चाललाय! ... बरं, माझं ऐकू नगंस. पर भावकूचा नंबर गेला. व्हय, गेला. तुझं गाणं ऐकत बसला येड्यागत आणि समदे पुढं गेले. शेपटाला उभा हाय."

मालुबाईनं फोन ठेवून चहा खाली उतरवला.

पोरगी ह्या तळावर वाढलेली. शाबासकीचे बदाम तिनं मोजले नव्हते. पण नंबर जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती परत आली तेव्हा तिच्या चपला धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. हायवेच्या बसथांब्यापर्यंत गेली होती. थेट भावकूसमोर उभी राहिली. "अण्णा, खरंच? का माझ्यासाठी म्हणून थांबला?"

"तुझ्यासाठी थांबायचं असतंय तर गाडी पुढं घेतली असती आणि मग ऐकलं असतं. एवढा काय मी दानशूर न्हाय. आप्पांस्नी इचार, शिव्या खाल्ल्यात."

"खाल्ल्यात," मी म्हणालो.

"ध्यानातच आलं न्हाय गं लायन हलल्यालं," भावकू म्हणाला. "पर एक सांगतो. शेवटाला तू जे आ-आ करत गेलीस न्हवं, ते काढ. तिथं बाई थकल्याली हाय. थकल्यालं माणूस आ-आ करत न्हाय."

"ते स्वरूपनं घालाय लावलं."

"तर स्वरूपला म्हणावं, एक दिवस वाट बघत बस."

शेपटाजवळ ट्रॅक्टर उभा करून आम्ही थांबलो होतो. तिथंच तिनं स्वरूपला फोन लावला. तो अनगोळातनं हुज्जत घालत होता आणि ही "काढ म्हणते न्हवं" म्हणत होती. शेवटी आ-आ निघालं. दिवस कलता कलता त्येनं तेवढं कापून गाणं परत पाठवलं. तिनं मडगार्डवर चढून ते कानाला लावून ऐकलं, मग भावकूला ऐकवलं. त्येनं मान हलवली. माझ्याकडं मोबाइल आला तेव्हा मी बी ऐकलं. माझा ऊस वाळत होता, तरी सांगतो, पोरीनं आमच्या बोलीला माणसांत बसवलं. राग होता तो तिथंच उतरला.

तिनं स्वरूपला म्हटलं, "सोड."

मालुबाई गाड्यावरनं ओरडली, "झालं काय गं?"

"झालं, आई. सोडलं."

"मग ये लौकर. कप पडल्यात इसळायचे."