चार पटीचा स्कोप आणि खंडेनवमी

मी छऱ्याची रायफल चालवते असं सांगितलं की विक्रोळीच्या आमच्या कॉलनीतली माणसं आधी माझ्या केसांकडे बघतात. केस पांढरे आहेत, रंगवायचा मला कंटाळा आहे. मग विचारतात, "कोणाला उडवायचंय काकी?" मी म्हणते, "यादी मोठी आहे, नंबर लावा."

कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल पहिल्यांदा हातात आली. मग लग्न, मुलगी, दिंडोशीच्या कोर्टात दुसऱ्यांचे जबाब टाइप करण्यात गेलेली नोकरी. मुलगी सासरी गेल्यावर मी ती परत हातात घेतली. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमच्या क्लबचं मैदान आहे. तिथे उभ्याने नेम धरून पत्र्याची जनावरं पाडायची, हा आमचा खेळ. सगळ्यात जवळ कोंबड्या, त्यांच्यामागे डुकरं, सगळ्यात लांब मेंढे. छर्रा बरोबर बसला की टण् होतं आणि जनावर आडवं. त्या टणसाठी मी दर रविवारी डबा भरून घर सोडते.

आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, मालवणचे. विक्रोळीतल्याच एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर. घरात मराठी बोलतात, पण टोमणा मारायचा झाला की थेट मालवणीत शिरतात. "मेंढोच पाडूचो तर देवनारच्या कत्तलखान्याक जा गो," ते म्हणायचे, "येताना मटण तरी घेवन ये."

सगळं झकास चाललं होतं आणि मग डोळ्यांनी दगा दिला. साध्या रायफलीवर नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची काडी आणि लांबचं जनावर. तरुण डोळा या तिन्हींमध्ये भराभर फिरतो. माझा डोळा फिरेना. काडी स्पष्ट दिसली तर मेंढा धुरकट, मेंढा दिसला तर काडीच्या दोन काड्या. चष्मा लावला तर खाच गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डोळे छान आहेत, वयाच्या मानाने." हे वयाच्या मानाने म्हणणाऱ्या माणसांना एकदा मेंढ्यांच्या रांगेत उभं करायला हवं.

क्लबात शिकवणाऱ्या सरांच्या ते लक्षात आलं. सर भले माणूस, माझ्याहून बरेच लहान. एक दिवस चहा देत म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर किती सुंदर आहे. मॅचला स्कोअरिंगच्या टेबलावर तुम्ही बसाल का? पंखा पण आहे तिथे." मला त्या पंख्याचा इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी निघाले. मला कळत होतं, एकदा त्या खुर्चीत बसले की उठणं नाही. समोर बाकीच्या टणटण पाडणार आणि मी त्यांच्या नावापुढे रेघा मारणार. दिवाळीआधी दुसऱ्या क्लबांबरोबर सामना होता, बायकांच्या टीममध्ये तीन जागा. निवड दसऱ्यानंतरच्या रविवारी. मी ठरवून टाकलं, त्या तिघींत आले तर खेळेन, नाहीतर रायफल क्लबला देऊन टाकीन. पण टेबलावर बसणार नाही.

सामन्यात स्कोप चालतो, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण. स्कोपमध्ये जनावर आणि नेमाची फुली एकाच पडद्यावर असल्यासारखी दिसतात, डोळ्याला धावपळ नाही. मी आणि हे दुकानात गेलो. ह्यांनी शिरल्या शिरल्या सगळ्यात लांब, सगळ्यात जाड स्कोपवर बोट ठेवलं. चोवीस पटीचा. "घ्यायचाच तर दमदार घे. मेंढ्याचे केस मोजशील." दुकानदाराचा चेहरा खुलला.

मी तो रायफलीवर धरून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं एक अक्षर सगळा गोल भरून टाकत होतं आणि ते अक्षर थरथरत होतं. म्हणजे थरथरत होते मी. चोवीस पटीत माझा श्वासही चोवीस पट. टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्याला हे परवडतं. उभ्याने मारणाऱ्या बाईला आपला हात किती हलतो हे इतकं मोठं करून कशाला दाखवायचं? घाबरून ती घाईने घोडा ओढणार आणि वाट लागणार. शिवाय एवढ्याशा चौकटीत आपलं जनावर शोधण्यातच वेळ जातो, शेजारचीच कोंबडी दिसत राहते.

मग मी चार पटीचा मागितला. आखूड, हलका, बारीक फुलीचा. त्यात पाटी अख्खी दिसली, पाटीखालचा केळीवाला दिसला, त्याची गाडी दिसली. फुली जवळजवळ शांत होती. दुकानदाराला मी दोनच गोष्टी विचारल्या: जवळचं स्पष्ट दिसतं का आणि स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का सोसेल का. कारण स्प्रिंगवाली रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते, त्यात भलेभले स्कोप आतून खिळखिळे होतात. दोन्हींना त्याने हो म्हटलं. पवईच्या चढावर रिक्षात हे म्हणाले, "चार पट तर माझा चष्मा पण दाखवेल."

स्कोप ह्यांनीच बसवला आणि सुरेख बसवला, खोटं कशाला बोलू. मग मैदानावर जाऊन मी झिरो केला. म्हणजे छर्रा नेमका फुलीवर पडेपर्यंत स्कोपवरची दोन बटणं थोडीथोडी फिरवायची, मग त्यांच्यावर टोपणं लावायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. घरी हॉलमध्ये रोज रायफल खांद्याला लावून गाल एकाच जागी टेकवायचा सराव केला. गाल जरा पुढेमागे झाला की गोलाच्या कडेला काळी कोर येते, ती यायला नको. चातुर्मासात शेजारणी कांदा-लसूण सोडतात, मला विचारलं तुमचा नेम काय, मी म्हटलं माझा नेम हाच. आणि मेंढे पडायला लागले. किती दिवसांनी मी त्यांना काळेभोर, कडेसकट बघत होते. पहिल्या रविवारी घरी येऊन मी एकटीच बराच वेळ हसत होते.

खंडेनवमीला मी बहिणीकडे बोरिवलीला गेले होते. संध्याकाळी परतले तर हॉलमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर माझी रायफल. झेंडूचा हार, हळदकुंकू, उदबत्ती, समोर नारळ. कंपनीत असताना खंडेनवमीला ह्यांची मशीन अशीच सजायची. रिटायर झाल्यापासून घरात पूजेला शिलाई मशीन, मिक्सर आणि स्कूटर एवढंच उरलं होतं. या वर्षी पाटावर काहीतरी भारी आलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. मीही नमस्कार केला, पेढा खाल्ला. दसऱ्यानंतर दोन्ही जावांकडे सोनं द्यायला जाण्यात वेळ गेला आणि रविवारी रायफल तशीच पिशवीतून मैदानावर नेली.

निवडीत दोन जागा तरुण मुलींनी सकाळीच पटकावल्या. तिसरी माझ्यात आणि घाटकोपरच्या एका डेंटिस्ट मुलीत. ती माझ्याआधी खेळली आणि चांगली खेळली. तिच्या पुढे जायचं तर मला सगळ्या कोंबड्या, सगळी डुकरं आणि निम्म्याहून जास्त मेंढे पाडावे लागणार होते.

सुरुवातीला पांढऱ्या रंगवलेल्या पाटीवर सरावाचे छर्रे मारायला मिळतात, थोडाच वेळ. मी पहिला मारला. तो फुलीच्या बराच डावीकडे पडला. म्हटलं, गाल चुकला. दुसरा मारला, पहिल्याला चिकटून. म्हटलं, घोडा ओढताना हिसका दिला. तिसरा त्यांच्या शेजारी. माझी चूक असती तर छर्रे विखुरले असते. एकाच जागी चुकतात म्हणजे मी बरोबर आहे आणि स्कोप सरकलाय.

मी रायफल खाली घेऊन नीट बघितलं. स्कोपच्या पकडीचे स्क्रू तेलाने चकचकत होते आणि त्यांच्या खाचांच्या आतपर्यंत कुंकू होतं. वरून टिकली लावून कुंकू असं आत जात नाही. माझ्या डोळ्यापुढे सगळं उभं राहिलं. कंपनीत खंडेनवमीला मशीन खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, परत जोडायची, मग पूजा. न खोलता पूजा केली तर ह्यांच्या मते ते नुसतं फूल वाहणं. या माणसाने माझा झिरो केलेला स्कोप उतरवला होता, पुसला होता, पूजला होता आणि आपल्या मते होता तसाच परत चढवला होता.

बटणं फिरवून सुधारावं म्हणून मी टोपण धरलं. ते हलेना. फिटरच्या हाताने आवळलेलं टोपण ते, माझ्या बोटांची सालं निघाली. तेवढ्यात सरांनी सरावाची वेळ संपल्याचं सांगितलं. मी मनातल्या मनात ह्यांना जे बोलले ते कोर्टात कोणी बोललं असतं तरी मी टाइप केलं नसतं.

आता एकच मार्ग होता. छर्रा डावीकडे जातोय तर नेम उजवीकडे धरायचा. सगळी जनावरं उजवीकडे तोंड करून उभी. कोंबडी जवळ, तिथे फरक थोडा. मी फुली तिच्या चोचीवर ठेवली आणि छर्रा पोटावर बसला. टण्. सगळ्या कोंबड्या चोचीवरून पाडल्या. डुकरं लांब, तिथे फरक जास्त. फुली मुस्कटाच्या टोकाला टेकवली. तीही गेली.

मेंढ्यांपाशी मी अडकले. इतक्या लांब फरक एवढा वाढला होता की फुली मेंढ्याच्या अंगावर ठेवून चालणारच नव्हती. त्याच्या नाकापुढे, जिथे काहीच नाही, तिथे नेम धरायचा होता. इतकी वर्षं मी जे दिसतं त्यावर नेम धरत आले होते. मोठ्या स्कोपमध्ये हे जमलंच नसतं, कारण तिथे नेम हवेत नेला की मेंढा चौकटीबाहेर. माझ्या चार पटीत फुलीही होती, मेंढाही होता, मागचा मातीचा बांधही होता. पहिला छर्रा मेंढ्याच्या शेपटीमागून बांधात गेला. धूळ उडाली ती मला स्कोपमधूनच दिसली. म्हणजे अजून पुढे. मी फुली अजून हवेत सरकवली, मेंढ्याकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावलं आणि घोडा दाबला. टण्. मग मी हलवलंच नाही काही, प्रत्येक मेंढ्यापुढची तेवढीच हवा मारत गेले. अधूनमधून एखादा उभा राहिला. शेवटचा पडायलाच हवा होता. तो आधी नुसता डुलला. मग तो अगदी सावकाश मागे कलला आणि पडला.

डेंटिस्ट मुलीने येऊन मिठी मारली. सरांनी हात मिळवला, म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं मला वाटलं तुम्ही हवेत मारताय." मी म्हटलं, "हवेतच मारत होते." मला जागा मिळाली होती. मी बाकावर बसून डब्यातली चपाती खाल्ली. इतकी चांगली लागली की भाजी विसरलेय हे संपल्यावर कळलं.

घरी हे दारातच उभे. "पडलो काय गो मेंढो?"

"पडला. टीममध्ये आहे मी."

"मग? पूजा कामी आली की नाही?"

वाटभर मी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही शिल्लक ठेवलं नाही. स्क्रू खोलले म्हणजे काय होतं, झिरो म्हणजे काय, टोपणं कोणत्या पान्याने आवळली, सगळं. शेवटी हे म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे तुझं गेलं असतं."

"गेलं असतं."

ते आत गेले. स्कोप बसवायची ॲलन की आणून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली. "ही तुझ्याकडे ठेव. मी आता हात लावणार नाही." आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले, खिडकीजवळच्या, पंख्याखालच्या. मी चूल सांभाळते, शिलाई मशीन चालवते, मैदानावर जाते, आणि हे तिथे बसून माझ्या येण्याजाण्यावर टोमणे मारतात. रिटायर झाल्यापासून तेच. सरांनी मला पंख्याखाली बसायला सांगितलं तेव्हा मी चहा टाकून निघून आले होते. ह्यांना तर कोणी विचारलंही नव्हतं.

मी ॲलन की उचलून ह्यांच्या हातात दिली. म्हटलं, "स्कोप वाकडा बसलाय, उद्या मला परत झिरो करायचाय. चला मैदानावर. स्क्रू तुम्ही आवळायचे, पण मी सांगीन तेव्हा."

"टोपणं पण?"

"टोपणं मी लावणार."

हे उठले आणि तेलाची कुपी शोधायला लागले.