परीक्षेतली पेशंट

नांदेडच्या हौशी नाटकांत मी कामं करते. त्याच ओळखीतून लातूरच्या एका प्रशिक्षण केंद्रातून बोलावणं आलं. खेड्यापाड्यांत मनाच्या आजारांवर समुपदेशन करणाऱ्या बायकांची तिथं परीक्षा होती. मी पेशंट व्हायचं, उमेदवार माझ्याशी बोलणार आणि कोपऱ्यात बसलेल्या परीक्षक मॅडम गुण देणार. प्रत्येकीसमोर तेच दुःख त्याच शब्दांत मांडायचं, नाहीतर मोजमाप सारखं होत नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

माझं सोंग होतं झोप उडालेल्या, जगण्यातून मन उठलेल्या बाईचं. बऱ्याच जणी "देवाचं नाव घ्या, होईल ठीक" म्हणून मोकळ्या झाल्या. उदगीरकडची एक मुलगी मात्र ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, जीव द्यावा असं मनात येतं का?"

ठरलेल्या उत्तराऐवजी भलतंच तोंडातून निघालं. "माझा भाऊ बोलत न्हाई," मी म्हणाले. "लई महिने झाले. नुसता भिंतीकडं बघत बसतो."

"हे ठरल्यात नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पुन्हा सुरुवातीपासून घ्या."

मी पाणी प्याले आणि सगळं सोंग पुन्हा केलं.

बाहेर त्या मुलीला गाठलं. "आमच्या दादाला बघशील का?"

ती ओशाळली. "निकालाबिगर मला कुणाला बघता येत न्हाई, ताई. दवाखान्यात न्या. आन् त्याला सरळ विचारा, मी विचारलं तसं. विचारल्यानं वाईट होत न्हाई."

घरी येऊन दादाजवळ बसले. विचारलं. माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "हाव."

पेशंटचं काम मला पाठ होतं, समोर बसणाऱ्याचं नव्हतं. मी नुसता त्याचा हात धरून ठेवला. आईनं आणि मी त्याला एकटं सोडलं नाही. सकाळी ऑटो करून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर एकटेच, बाहेर ही रांग. तरी त्यांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या.

"ह्याच्याशी दर आठवड्याला बोलणारं कुणी हाय का इथं?" मी विचारलं.

"ती जागा रिकामी आहे," ते म्हणाले.

मुलगी पास झाली. तिची नेमणूक लांब इस्लापूरला झाली. कधीमधी फोन करते, पण दादा फोन कानाला लावत नाही. गोळ्या घेतो, दोन घास जेवतो. संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसते. इकडचं तिकडचं सांगत राहते. तो ऐकतो की नाही, ते मला कळत नाही.