दोनचं बटण

बाबा गेल्यावर काही महिन्यांनी आईचा बटणांचा फोन कायमचा बंद पडला. नवा घ्यायला मी तिला दवनीवाड्याहून गोंदियाला आणलं. मी इथेच नोकरीला असते. दुकानदार भलताच उत्साही. "माताजी, टॉर्च है, रेडियो है, आवाज भी बढ़िया है." आईचं लक्षच नव्हतं. ती एकेक फोन हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि अंगठ्याने दोनचं बटण दाबून धरायची.

"याचा दोन कडक आहे. दुसरा दाखवा."

"आई, फोन घेऊन रायली का वांगे?" मी वैतागून म्हटलं. तिनं पुढचा फोन हातात घेतला. अखेर एक काळा फोन तिच्या अंगठ्याला पटला.

जुन्या फोनमध्ये दोनवर बाबा होते; बटण दाबून धरलं की थेट त्यांना लागायचा. ते शेतात असले की आई भात उतरवून त्यांना एक घंटी मारायची. बाबा उचलत नसत, कट करायचे. कट म्हणजे निघालो. मग आई पाय धुवायला दाराशी लोटाभर पाणी ठेवायची. फोनवर बोलण्याचं दोघांनाही वावडंच होतं.

बाबांचा नंबर आता बंद होता. जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून मी तिला न विचारता दोनवर माझा नंबर टाकला आणि मग सांगितलं. तिनं फोन पिशवीत ठेवला.

ती गावी परतली आणि दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला माझा फोन एकदा वाजून थांबला. मी उलट लावला, तर म्हणाली, "दबला असन." पुढे ते रोजचंच झालं. घंटी माझ्यासाठी नाही, हे मला कळत होतं.

एकदा ऑफिसात मीटिंग चालू असताना तिची घंटी आली आणि मी सवयीने कट केली. घरी पोचल्यावर आईला फोन लावला.

"तू कट केलास."

"मीटिंग होती वं."

"दाराशी पाणी ठेवून बसली होती मी." मग म्हणाली, "ते नाही आता, समजते मले. येडी नाही मी. पण तू वाजू देत जाय. कट नको करू."

मी फोन ठेवला. मग खूप रडले. तेव्हापासून मी वाजू देते. घरात कोणी बोलत असलं तरी तेवढा वेळ गप्प बसते.

परवा आमच्या गावाकडे धानाची कापणी सुरू झाली. संध्याकाळी फोन वाजला तो थांबेचना. घाबरून उचलला.

"काऊन वं आई? बरी आहेस ना?"

"बरी आहो." मागे रस्त्यावरून परतणाऱ्या माणसांचा गलका ऐकू येत होता. "सारे वावरातून घरी येऊन रायले. मी परत लावून रायली. आज कट कर."

फोन पुन्हा वाजला. मी कट केला.